पाळणा एक, जीव दोन

सातारा-सांगलीकडच्या घरात जुळी आली की पेढ्यांपाठोपाठ पहिली अडचण येते ती पाळण्याची. बारशाला एक पाळणा पुरतो. दोघांना शेजारी निजवून दोघांच्या कानांत नावे सांगता येतात. त्या रात्रीपासून मात्र तो पुरत नाही. मग तुळईच्या दुसऱ्या कडीला लुगड्याची झोळी बांधली जाते, नाहीतर एक आईच्या कुशीत आणि एक आजीच्या मांडीवर अशी वाटणी होते. पुण्या-मुंबईची आत्या कठड्याची छोटी खाट, म्हणजे क्रिब, पाठवते. तिच्यात महिनाभर धुतलेली दुपटी राहतात, कारण जुळी तिच्यात झोपत नाहीत. ठेवली की रडतात, उचलली की गप्प. ‘हाताची सवय लागली’ असा निकाल घर देऊन टाकते. मला तो मान्य नाही. नवजात बाळाला सवय लागत नसते. शिकायचे असते ते घराने, आणि शिकायचे ते एवढेच की झुलणे आणि झोपणे ही दोन वेगळी कामे आहेत.

नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपते, पण तुकड्या-तुकड्यांनी. त्याच्या झोपेचे एक आवर्तन साधारण पन्नास मिनिटांचे, आणि त्यातला निम्मा वेळ चुळबुळीची, हलकी झोप. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे शरीराला कळू लागते ते दोन-तीन महिन्यांनी. जुळ्यांच्या बाबतीत हा हिशेब आणखी मागे सरकतो. त्यांतली बरीच 40 आठवडे पुरे होण्याआधीच जन्मतात. 35 व्या आठवड्यात आलेली जुळी दोन महिन्यांची झाली, तरी ठरलेल्या तारखेपासून मोजता जेमतेम तीन-चार आठवड्यांची असतात. दोन महिने झाले तरी सलग झोपत नाहीत, ही तक्रार म्हणूनच अर्धवट. वयच चुकीचे मोजलेले असते. बाळाला रडू देऊन झोपेची शिस्त लावण्याच्या ज्या पाश्चात्त्य पद्धती मोबाइलवरून घरोघर पोचल्या आहेत, त्या चार-सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी आहेत. तान्ह्यांवर त्या चालवणे म्हणजे बाळाला भुकेची शिक्षा देणे.

मग हातातून खाटेत जाताना बाळ जागे का होते? जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये 21 बाळांची नाडी मोजून हे तपासले. संख्या लहान आहे, पण निष्कर्ष आपल्या आजीबायांना ओळखीचा वाटेल. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे चालत राहिले की ते शांत होते. डोळा लागल्यावर लगेच ठेवू नये. पाच ते आठ मिनिटे तसेच मांडीवर घेऊन बसावे, मग ठेवावे. बाळ दचकते ते पाठ अंथरुणाला टेकते म्हणून नव्हे, तर आपल्या अंगापासून सुटते म्हणून. म्हणजे बाळाला खाटेचे वावडे नसते. आपली घाई नडते, आणि जुळ्यांच्या घरात ती हटकून असते, कारण एकाला ठेवेपर्यंत दुसरे उठलेले असते. येथे आपल्याकडचे माहेरचे बाळंतपण कामी येते. आई, आजी, मावशी, शेजारची काकू एवढे हात शहरातल्या दोन खोल्यांत कोठून आणणार?

हात चांगले, अंथरूण मात्र वाईट, आणि हे बोलणे घरात अप्रिय ठरते. झोळीत बाळाचे अंग अर्धचंद्रासारखे वाकते, हनुवटी छातीला टेकते. कमी वजनाच्या, मानेत जोर नसलेल्या बाळाची श्वासवाट त्या वाकण्यानेच अरुंद होते. अमेरिकेने 2022 मध्ये कायदा करून दहा अंशांहून जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधने विकायला बंदी केली. लुगड्याच्या झोळीत तर सपाट भाग असा नसतोच. झोळीने झुलवण्याचे काम करावे, जागत्या डोळ्यांसमोर. झोप लागली की बाळ सपाट, टणक अंथरुणावर, उताणे. उशी नको, मोहरीचीही नको. दोघांना दोन अंथरुणे. ‘आईच्या पोटात एकत्र होतीच की,’ असे यावर हमखास ऐकायला मिळते. होती, पण तेथे श्वास नाळेतून चालला होता, नाकातून नव्हे. एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर पडला तर पोटात काही बिघडत नव्हते.

उताण्या बाळाचे दूध उलटून घशात जाईल, ही भीती खरी वाटते, पण शरीराची रचना तिच्या उलट आहे. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटलेले दूध खालीच परत जाते. अमेरिकेत 1994 पासून बाळांना उताणे निजवण्याची मोहीम चालली, झोपेतले अचानक मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले, आणि गुदमरण्याचे प्रमाण वाढले नाही. राहिला ‘आमच्या चार पिढ्या झोळीत वाढल्या’ हा मुद्दा. वाढल्या त्या सांगायला उरल्या. 1971 साली देशात हजारी 129 बाळे वर्षाच्या आत जात होती. 2020 मध्ये महाराष्ट्रात हा आकडा 16 होता. त्या 129 चा दोष झोळीवर टाकणे अन्यायाचे होईल, जुलाब, धनुर्वात आणि न्यूमोनियाच त्यांना पुरेसे होते. पण ज्या काळात मृत्यूचे कारणच कोणी लिहून ठेवत नव्हते, त्या काळाची साक्ष झोळीच्या बाजूने काढता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. कठड्याची खाट म्हणजे आईपासून तोडणे, साहेबी थाट. खाट दुसऱ्या खोलीत गेली तर तो आक्षेप मलाही मान्य. ती बाळंतिणीच्या बाजेला लागून हवी, हात पुरेल इतकी. आणि कातडीला कातडी लावून बाळ छातीशी धरण्याची कांगारू पद्धत तर 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटरच्या टंचाईतून सुरू झाली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय ज्यात होते, त्या पाच देशांतल्या अभ्यासात जन्मल्याबरोबर ती सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. जुळ्यांना दोन छात्या लागतात; बापाची आणि आजीची त्याला चालते. माणसाने जागे राहून छातीशी धरावे, स्वतःचा डोळा लागतोय असे वाटले की बाळ खाटेत. पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत टोपडे आणि एक जादा अंगडे घालावे. तोंडावर येणारी सैल गोधडी नको.

हे सारे भिंती असलेल्या घरांचे झाले. दिवाळीनंतर कृष्णा-वारणेच्या उसाच्या फडांत बीडकडून तोडणीचे कोयते उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. हिशेबात तान्हे धरत नाहीत. तेथे झाडाला बांधलेली झोळी मुंग्या, साप आणि बैलांपासून बाळाला वर उचलते, आणि त्या बाईला सपाट खाटेचा उपदेश करणाऱ्याने आधी सावलीचे छप्पर द्यावे. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तेथे पाळणाघर हवे, असे 2017 च्या कायदादुरुस्तीने सांगितले. मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, आलेल्या कोयत्यांची गिनती त्यात कोणी करत नाही.

घरात बाजेवर असलेल्या बाईच्या मदतीलाही मुदत असतेच. सव्वा महिना सरला की माहेरचे हात पांगतात. आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंच्या नवजात-भेटींपैकी शेवटची 42 व्या दिवशी असते. पस्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली जुळी त्या दिवशी, ठरल्या तारखेपासून मोजता, एका आठवड्याची असतात.