टाऊन पासचा चढ आणि गिअरबॉक्सचा ताप

बेकर्सफील्ड सोडले की ५८ क्रमांकाचा रस्ता तेहाचापीच्या डोंगराला भिडतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या सपाट फळबागा मागे पडतात आणि ४,००० फुटांवरच्या खिंडीकडे जाणारा लांबलचक चढ सुरू होतो. याच चढावर गेल्या वर्षी दादाच्या मोटरहोमच्या गिअरबॉक्समधले तेल २४० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ११६ अंश सेल्सिअसपर्यंत तापले होते. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र मधोमध होता. दादाने नुकताच वेगळा गेज बसवला होता, म्हणून ते कळले तरी.

आपल्याकडे खंडाळ्याच्या किंवा कशेडीच्या घाटात गाडी तापायची तेव्हा बॉनेटमधून वाफ यायची आणि सगळ्यांना दिसायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ताप असा दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि एकाच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तसे त्याचे काम चालते. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला आतला क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो. चढावर वेग उतरला की तो क्लच सुटतो, तेल घुसळले जाते आणि त्या घुसळण्याची उष्णता तेलातच साठते. पाच टनांचे घर पाठीवर घेऊन डोंगर चढायचा म्हटल्यावर ती थोडीथोडकी नसते.

जाणकार मेकॅनिक एक ठोकताळा सांगतात: तेल १७५ फॅरनहाइटच्या आसपास राहिले तर ते दीर्घकाळ टिकते, त्यापुढे दर २० अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. २४० च्या आसपास तेलाचा चिकट थर आतल्या भागांवर बसू लागतो. आणखी तापले तर रबरी सील कडक होतात, क्लचच्या चकत्या घसरतात. अतितापलेले तेल फेसाळून बाहेर आले आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आग लागू शकते. हे कळल्यावर दादाने तेव्हाच ठरवले की डेथ व्हॅलीला जायचे ते गिअरबॉक्सच्या तेलाचा जादा कूलर बसवूनच.

गिअरबॉक्सचे तेल थंड करण्याची मूळ सोय रेडिएटरच्या टाकीतच असते. पण तिथले पाणीच १९० अंशांच्या पुढे गेलेले असेल, तर तेल त्याहून थंड होणार कसे? जादा कूलर वाऱ्यावर चालतो, त्यामुळे त्याला ही मर्यादा नाही. दादाने निवडला तो थरांच्या पट्ट्यांचा, म्हणजे स्टॅक्ड प्लेट प्रकारचा. नळी-आणि-पंखांच्या स्वस्त कूलरपेक्षा तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता काढतो.

दादाच्या फ्रीमाँटच्या घरासमोर आम्ही पुढची जाळी उतरवली. कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बोटभर अंतर ठेवून अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर कसला. प्लास्टिकचे बंध जाळीतून आरपार ओवण्याची सोपी पद्धत दादाला मुळीच मान्य नाही. हादऱ्यांनी ते बंध जाळी घासत राहतात आणि एक दिवस भोक पडते. मग प्रश्न आला, परतीची नळी कोणती? रेडिएटरजवळचा एक जोड सोडला, खाली बाटली धरली, वहिनीने दोन क्षण इंजिन सुरू केले. तेल रेडिएटरच्या तोंडातून आले. म्हणजे ही परतीची बाजू. तेल आधी रेडिएटरमधून जाते, मग नव्या कूलरमधून, आणि तिथून थेट गिअरबॉक्सला. थंडीत आधी रेडिएटरच्या पाण्याने तेलाला थोडी ऊबही मिळते.

होज ट्रान्समिशन तेलासाठीचाच घ्यावा लागतो. पेट्रोलचा होज इथे चालत नाही. धातूच्या नळीचे टोक फुगवून त्यावर होज चढवला आणि क्लॅम्प आवळले. एका जागी होज पत्र्याच्या धारेला टेकत होता, तिथे जुन्या होजचा तुकडा उभा चिरून त्यावर बसवला. या एवढ्याशा तुकड्यावर मला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त विश्वास वाटला. शेवटी जुने, जळका वास येणारे तेल काढून नवे भरले आणि गाडी गरम व चालू असताना डिपस्टिकवर पातळी पाहिली.

मग डेथ व्हॅलीला निघालो. तेहाचापीच्या चढावर वहिनी गेज मोठ्याने वाचत होती. वर पोचेपर्यंत आकडा १९५ च्या पुढे गेला नाही. हायवेवरून रेल्वेचा प्रसिद्ध वळसा नीट दिसत नाही, म्हणून आम्ही आडवाटेने वळलो. १८७६ मध्ये पुरा झालेला हा रेल्वेमार्ग मुख्यतः चिनी मजुरांनी बांधला. लांब मालगाडी असेल तर तिचे इंजिन स्वतःच्याच डब्यांच्या वरून जाते. गाडी डोंगरावर चढवताना चढ सौम्य करायचा, ही अक्कल त्यात आहे.

पुढे मोहावी, मग ३९५ चा रस्ता, ओलांचाहून १९० ला वळण. पानामिंटच्या कोरड्या खोऱ्यात उतरलो की समोर टाऊन पास दिसतो: ४,९५६ फूट. काही मैलांत तीन हजारांहून अधिक फूट चढायचे. एसी बंद ठेवा, अशा पाट्या या भागात लागतात. दादाने एसी बंद केला, गिअरच्या दांड्यावरचे बटण दाबून ओव्हरड्राइव्ह काढला आणि ट्रकच्या वेगाने चढू लागला. मार्चअखेर होती तरी खिडकीतून येणारा वारा गरम होता.

"दोनशे दोन. सावकाश घे," वहिनी म्हणाली. माथ्यावर २०५. दादाने रस्त्याकडेला गाडी घेतली, न्यूट्रलमध्ये इंजिन किंचित वर ठेवले, म्हणजे पंखा व तेलाचा पंप चालू राहतात. आकडा १८० वर आला तेव्हाच निघालो.

पलीकडे सुमारे १७ मैलांचा उतार थेट समुद्रसपाटीला, स्टोव्हपाइप वेल्सला. उतारावर खालचा गिअर ठेवला की ब्रेक वाचतात. डेथ व्हॅलीतल्याच फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी १३४ फॅरनहाइटची, म्हणजे ५६.७ सेल्सिअसची नोंद झाली होती. भाड्याने मोटरहोम देणाऱ्या काही कंपन्या उन्हाळ्यात इथे गाडी आणायला मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. कूलर जो वारा वापरतो तोच तापलेला असेल, तर त्याचा उपयोग तेवढाच घटतो. परतीचा चढ तर जवळजवळ ५,००० फुटांचा; तो आम्ही पहाटे धरला.

मोटरहोम घेऊन घाट चढणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: कूलरच्या आधी गिअरबॉक्सचा गेज बसवा. एका मोठ्या चढावर आकडा पाहा आणि मग कूलर केवढा हवा ते ठरवा. बसवल्यावर पहिल्या मोठ्या प्रवासानंतर प्रत्येक क्लॅम्प हाताने तपासा.