पत्त्याचा शेवट

आयकर विवरणपत्रांच्या दिवसांत खोटे मेलही सुरू होतात. परवा बाबांना आलेला मेल मी बराच वेळ बघत बसले. अशोकस्तंभ, मूल्यांकन वर्ष, सगळं जागच्या जागी. पाठवणाऱ्याचं नावही खात्याचंच. त्या नावावर बोट ठेवलं तेव्हा खरा पत्ता उघडला. सुरुवात ‘इन्कमटॅक्स’, पण शेवटी ‘गव्ह डॉट इन’च्या जागी भलतंच काही. पत्ता शेवटाकडून वाचायचा; सुरुवातीला कुणीही काहीही लिहितं.

खातं मेलवर पासवर्ड किंवा पिन मागत नाही, हे बाबांना ठाऊक होतं. तरी ‘चोवीस तासांत थकबाकी भरा’ वाचून त्यांचा चेहरा उतरला होता. जन्मात एक बिल न थकवलेल्या माणसाला ही भीती घालायची! माझा राग अजून गेलेला नाही. असे मेल सरळ माणसांनाच जास्त लागतात, असं मला वाटतं.

लिंक न उघडता आम्ही स्वतः पोर्टलवर गेलो. थकबाकी नव्हतीच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, हे फ्रीजवर चिकटवलं. रात्री बाबांनी विचारलं, “उद्या खरंच नोटीस आली, तर मी तिच्यावर विश्वास ठेवेन का गं?”