काडीच्या टोकाएवढं

परवा दिवाळीसाठी फडताळ आवरताना अगदी वरच्या कप्प्यात आईची अमृतधारेची बाटली सापडली. आत थेंबही नाही, पण बूच काढलं आणि काय सांगू... होटगीच्या याच घरातली लहानपणीची थंडी आठवली. विजापूरची गाडी शिट्टी देत गेली की आई म्हणायची, "चला, झोपा आता." आणि कुणी शिंकलं की ही बाटली खाली यायची.

अमृतधारा मूळची लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मांची, १९०१ सालची. नावावरून झालेलं भांडण १९६२ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं म्हणे. पण घरोघरी बायका आपापली करतच होत्या. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर सारखे घेऊन बाटलीत घालायचे आणि हलवायचे. तिन्ही कोरडे खडे, ना पाणी ना विस्तव, तरी बघता बघता त्यांचं तेल होतं! एकत्र आले की त्यांचा वितळायचा बिंदू खाली येतो, हे शास्त्र पुढे कळलं. तेव्हा ती आईची जादूच वाटायची.

आई गेल्यावर ही जादू आपल्याकडे आली, असं मी धरून चालले. नीलगिरी, गवती चहा, लव्हेंडर अशी तेलं जमवली. नातेवाइकांना बाटल्या भरभरून वाटल्या (तुमच्यापैकी काहींकडे अजून असतील!). कौतुक झालं की माणूस वाहवतोच.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अक्का, भाची आणि भाचीचं नऊ महिन्यांचं बाळ आलं होतं. बाळाला सर्दी. मी अमृतधारेत नीलगिरी मिसळली, अंदाजानेच. बाळाच्या छातीला चोळली आणि नाक मोकळं व्हावं म्हणून तेच बोट नाकाखाली फिरवलं.

बाळाचा श्वास अडकला. तोंड उघडं, आवाज नाही. किती सेकंद गेले कोण जाणे. भाचीने त्याला माझ्या हातातून ओढून घेतलं तेव्हा कुठे तो रडला. "काय लावलीस गं लेकराला?" अक्का ओरडली. रात्री तसेच सोलापूरला निघालो. तो रडत होता तोवर मला धीर होता. गप्प झाला की छातीत धस्स व्हायचं.

बाळ सुखरूप होतं. डॉक्टर मात्र मला स्पष्ट बोलले. मेन्थॉलचा उग्र वास तान्ह्याच्या नाकाशी गेला तर श्वास कोंडू शकतो. कापूर आणि नीलगिरी पोटात गेली तर लहान मुलांना झटके येतात, त्याला थोडंसंही पुरतं. दोन वर्षांच्या आत यातलं काहीच लावायचं नाही. आणि कुणी चुकून प्यालं तर ओकारी काढायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

मी पुटपुटले, "आमची आई सगळ्यांना लावायची. आम्हाला काही झालं नाही."

"किती लावायची?"

मला उत्तर देता येईना. तीन जिनसा मला तोंडपाठ होत्या, माप आठवत नव्हतं.

परतताना अक्काच बोलली, "आई बाटली कधी ओतायची नाही. काडीचं टोक बुडवायची आणि ते वाटीभर खोबरेलात फिरवायची." मलाही मग ती काडी दिसली. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मी वास तेवढा लक्षात ठेवला होता. अर्थात आईचंही सगळं बरोबर नव्हतं. तान्ह्याला तेवढंही नको, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता मी मोजते. मोठ्यांसाठी ३० मिली खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात साधारण ६ थेंब, म्हणजे जवळपास एक टक्का. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबायचं. पाण्यात ही तेलं विरघळत नाहीत, म्हणून बादलीत थेंब टाकून आंघोळ नाही. जास्त लागलंच तर आधी साध्या तेलाने पुसायचं, मग साबण. लिंबाच्या सालीचं तेल लावून आपल्या सोलापूरच्या उन्हात जायचं नाही, कातडी भाजते. गडद काचेची बाटली, वर नाव आणि तारीख, चुलीपासून लांब. जुनं झालेलं तेल अंगावर उठतं, ते फेकायचं. आणि ज्यांना मी बाटल्या दिल्या, त्यांनी कृपा करून त्या टाकून द्या.

भाची माझ्यावर रागावली नाही. पण पुढे वर्षभर बाळ माझ्याकडे देताना तिची नजर आधी माझ्या हातांवर जायची.

परवा तेच बाळ, आता चार वर्षांचं होत आलेलं, स्टुलावर चढून म्हणालं, "आजी, मला वास दे." भाची दारातच थबकली. मी बूच घट्ट लावलं आणि बाटली पुन्हा सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली.

"मोठा झालास की," म्हटलं. भाची काही न बोलता आत आली आणि माझ्याबरोबर फडताळ आवरू लागली.