आदेशातील एक नाव

बदलीच्या आदेशावर एकच नाव असते. २०१५ सालच्या जूनमध्ये माझ्या हाती जो कागद आला, त्यावरही माझे एकटीचेच होते. नांदेडला सोळा वर्षे अधिपरिचारिका म्हणून काढल्यावर मला परिसेविकेची बढती मिळाली आणि नेमणूक लातूरला झाली. कागदात रुजू होण्याची मुदत होती, आस्थापनेचा उल्लेख होता, खाली सही-शिक्का होता. प्रत्यक्षात हलायचे होते पाच जणांना. नुकतीच दहावी झालेली मुलगी, सातवीत गेलेला मुलगा, वजिराबाद भागात विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे छोटे दुकान चालविणारे माझे यजमान आणि त्यांची आई, म्हणजे आमच्या आत्याबाई.

मुलीला आनंद झाला. लातूर पॅटर्नचे आकर्षण तेव्हा साऱ्या मराठवाड्यातील आईबापांना होते व आजही आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी माणसे लातूरला बिऱ्हाड करतात, आम्हांला तर ते आयतेच मिळत होते. यजमान दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याच्या तारेची भेंडोळी पोत्यात भरायला घेतली. आत्याबाईंना मी विचारले नाही. त्या आमच्याबरोबर येणार हे गृहीतच होते.

नांदेड ते लातूर अंतर फार नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत टेंपो दुपारपर्यंत पोहोचला. पण आत्याबाईंच्या दृष्टीने ते गोदावरीपासूनचे अंतर होते. चाळीस वर्षे त्या संध्याकाळी नगीना घाटावर जाऊन बसत. तेथे शीख यात्रेकरूंची ये-जा असे, गुरुद्वारातून कीर्तनाचे सूर येत, आणि आमच्या आत्याबाई घाटाच्या पायरीवर बसून आपली जपमाळ ओढीत. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. लातूरला नदी गावातून वाहत नाही. मांजरा आहे ती दूर, आणि त्या वर्षी तिच्यातही काही नव्हते.

घर मिळविताना जे व्हायचे ते झाले. एका घरमालकांना रात्रपाळीचे वावडे होते. रात्री अकराला बाहेर पडणारी बाई त्यांना वाड्यात नको होती. दुसरीकडच्या मालकीणबाईंनी सामान पाहिले, आमचे आडनाव विचारले, मी ‘सिस्टर’ आहे हे ऐकले आणि बराच वेळ यजमानांकडे व मुलांकडे पाहून शेवटी धीर करून विचारले, “तुमच्यात सिस्टरला लग्न चालतं का?” त्यांच्या ओळखीच्या सिस्टर म्हणजे मिशनच्या धर्मभगिनी. आम्ही सारे हसलो, त्याही हसल्या, आणि औसा रस्त्याकडची ती दोन खोल्यांची जागा आम्हांला मिळाली. पुढे त्याच बाई माझ्या रात्रपाळीच्या दिवशी दुपारी गल्लीतल्या पोरांना गप्प बसवीत.

माझे स्वतःचे फारसे काही बदलले नाही, हे मला कबूल केले पाहिजे. वॉर्ड कोणत्याही गावचा असो, त्याला तोच वास असतो, तीच चादरींची टंचाई, तीच पहाटेची तापमान टिपण्याची घाई. नांदेडला देगलूर, बिलोली, धर्माबादकडचे आणि पलीकडच्या तेलंगणातले रुग्ण येत; त्यांच्याकडून मी “एक्कड नोप्पी?” एवढे तेलुगू शिकले होते. कुठे दुखते, एवढा त्याचा अर्थ. लातूरला उदगीर-निलंग्याकडून, बीदरच्या सीमेवरून माणसे येत, आठवड्याभरात मी “एल्ली नोवु?” म्हणू लागले. एका दुखण्याला सीमेच्या दोन बाजूंना दोन शब्द, आणि बोट मात्र दोन्हीकडे त्याच जागी टेकते. जुन्या परिचारिकांनी पहिल्याच दिवशी मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली. लातूरमध्ये नवख्या माणसाला किल्लारीच्या भूकंपाविषयी पहिल्या तासाभरात कळतेच. त्या रात्रीच्या ड्यूटीवर कोण होते, हे त्यांना नावानिशी पाठ होते. अशा रीतीने महिन्याभरात मी त्यांच्यातली झाले. गणवेश घातला की गाव सापडते. घरातल्या चौघांना गणवेश नव्हता.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणावे. नळाला पाणी आठवड्याने येई, मग पंधरवड्याने, आणि २०१६ च्या फेब्रुवारीच्या सुमारास नळ बंदच झाला. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर येई व घरटी दोनशे लिटर पाणी मिळे. मी हिशेब केला: पाच माणसे, आठ दिवस, म्हणजे माणशी दररोज पाच लिटर. त्यात स्वयंपाक, भांडी, धुणे, अंघोळ, सारे आले. वॉर्डात मी शिकाऊ मुलींना सांगत असे, साबणाने हात धुवायला किमान चाळीस सेकंद द्या. आणि घरी मुलाने हात धुताना तांब्या दुसऱ्यांदा बुडविला की त्याच्यावर ओरडत असे.

मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. ड्यूटीवरून परतले की न्हाणीघरात झाकण ठेवलेली एक बादली माझ्यासाठी भरलेली असे. पूर्ण बादली. मी ती वापरीत असे. रुग्णालयातून आलेल्या बाईने अंघोळ केल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नये, हा नियम मीच घरात घातला होता. ती बादली कोणाच्या वाट्यातून येते, हे मी विचारले नाही.

२४ मार्चला पवित्र गुरुवार होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही घ्यावे अशी मुभा दिली होती. आमच्या लहानशा धर्मग्रामात बारा जणांत आत्याबाईंची निवड झाली. त्या आढेवेढे घेत होत्या, पण गेल्या. धर्मगुरूंनी एका छोट्या लोट्यातून प्रत्येकाच्या पायावर अगदी धार म्हणावी न म्हणावी इतके पाणी सोडले व रुमालाने टिपले. परतताना आत्याबाईंनी मला एकच प्रश्न केला, “ते परातीतलं पाणी कुठं ओतलं गं?” मी म्हटले, आवारातल्या कडुनिंबाला घातले असेल. त्यावर त्यांचे समाधान झाले.

घरी येऊन त्या सणाचे पातळ बदलीत होत्या. चोळीचा बंद सुटेना, म्हणून त्यांनी मला हाक मारली. चोळी पाठीला चिकटली होती. ती अलगद सोडविली आणि मी पाहतच राहिले. घामोळ्या फुटून पाठभर पुरळ उठले होते, खांद्याखाली दोन गळवे झाली होती, एक चिघळले होते. आठ-दहा दिवसांपूर्वीचे तरी ते दुखणे होते.

वाचकांत माझ्या व्यवसायाच्या भगिनी असतील तर त्यांना या क्षणाचा अर्थ सांगावयास नको. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि पाठ पाहायची, हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवितात. मणक्याच्या टोकाशी, टाचांशी कातडी लालसर झाली तरी नोंद करायची. परक्यांच्या किती पाठी मी अशा पाहिल्या, मोजदाद नाही.

“अंघोळ कधी केली होती?” मी विचारले.

“ओल्या फडक्यानं पुसते की रोज. माझं काय मेलं, घरात तर असते. तू दवाखान्यातून येतीस, तुला अंगावर पाणी पाहिजे.”

मी जखम साफ केली, पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून औषध सुरू केले. पंधरा दिवसांत पाठ बरी झाली. यजमानांना मी सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मला ठाऊक होतं. तिनं शपथ घातली होती.” त्या रात्री आम्ही भांडलो. लग्नानंतरचे आमचे ते सर्वांत मोठे भांडण असावे. बदली, बढती, बंद पडलेले दुकान, सारे काही त्यात निघाले.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, कृष्णेचे पाणी. ज्या मार्गावरून पूर्वी बार्शी लाइटची चिमुकली गाडी हळूहळू चाले, त्याच बाजूने आता पाणी येत होते. मुलगा स्टेशनावर पाहून आला आणि टाक्यांची संख्या आजीला सांगू लागला. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. गल्लीतला टँकर जरा नियमित झाला.

याच दिवसांत यजमानांच्या हाताला काम लागले, तेही असे की त्यांनाच त्याचा संकोच वाटावा. विंधनविहिरी आटत चालल्या होत्या. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या मोटारी कोरड्या फिरत आणि जळत. लोक त्या घेऊन येत. दारातल्या पत्र्याखाली रात्री उशिरापर्यंत ते गुंडाळी भरीत बसत. नांदेडला महिन्यात मिळत नसे इतके त्यांना आठवड्यात मिळू लागले. एकदा म्हणाले, “लोकांचं पाणी तुटलं म्हणून आपली चूल पेटली.” पैसे त्यांनी घेतले, पण ज्याचे बोअर पार कोरडे पडले त्याच्याकडून तारेपुरतेच.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस पाऊस असा कोसळला की मांजरा धरण भरले. नळाला पाणी आले तेव्हा आत्याबाईंनी घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवले, पूजेच्या मेणबत्त्यांचा डबासुद्धा.

२०१८ मध्ये विनंती बदलीचे अर्ज निघाले. नांदेडला जागा रिकामी होती. मी अर्ज घरी आणला आणि रात्री जेवणानंतर सर्वांसमोर ठेवला. यजमान म्हणाले, गिऱ्हाईक आता कुठे जुळले आहे, पण तू म्हणशील तसे. मुलगी तेव्हा संभाजीनगरला शिकत होती. मुलाने मान हलविली. तिचा अर्थ काहीही घेता आला असता. मग मी आत्याबाईंकडे वळले.

“मला विचारतीस होय?” त्या म्हणाल्या. “गेल्या खेपेला कुठं विचारलं होतंस?” आवाजात राग नव्हता. थोड्या वेळाने म्हणाल्या, “घाट आता माझ्यानं उतरवत नाही. राहू दे.”

अर्जातला ‘विनंतीचे कारण’ हा रकाना मी भरला नाही. तो कागद अजून कपाटात, मुलांच्या गुणपत्रिकांच्या खाली आहे.