जगात जर्मनी, बाटलीत परभणी

होस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी "गाव कोणतं?" असं विचारतात. मी "गंगाखेड, जिल्हा परभणी" म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे जगात जर्मनी!" चार वर्षांत हे इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच आधी म्हणून मोकळा होतो. पण या म्हणीतल्या जर्मनीचा आणि परभणीचा खराखुरा संबंध मला सापडेल, आणि तोही धुण्याच्या पावडरीत, असं कधी वाटलं नव्हतं.

तर झालं असं. आमच्या आईचा बचत गट आहे. गटातल्या बायका धुण्याची पावडर करतात. मोंढ्यातून स्लरीचा कॅन आणायचा, सोडा आणि मीठ मिसळायचं, वाळवायचं, चाळायचं आणि आठवडी बाजारात विकायचं. स्लरी म्हणजे काळपट, घट्ट, हाताला चटका देणारं आम्ल. सोड्यात पडलं की फसफसतं आणि त्याची पावडर होते. फेस येतो तो या स्लरीमुळेच. माझी फी भरण्यात या फेसाचाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीत आई म्हणाली, "नवीन पाकिटं छापायचीत. त्याच्यावर 'नदीला अपाय नाही' असं टाकायचं म्हणतेत बाया. तू तेवढं कॉलेजात तपासून दे."

मी एकदम "होय की" म्हणून बसलो. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पर्यावरणाचा विषय घेतलाय, प्रोजेक्टला टॉपिक नव्हता. एका दगडात तीन पक्षी!

सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अपाय नाही हे कुठलीच बाटली सांगत नाही. पण जंतू ते खातात का, आणि किती लवकर खातात, हे बघता येतं." आणि त्यांनी ओईसीडी ३०१ नावाची पद्धत हातात ठेवली. १९८१ साली आलेली, १९९२ साली सुधारलेली. तिच्यात सहा प्रकार आहेत. त्यातला ३०१ डी, म्हणजे बंद बाटलीची चाचणी, आमच्या लॅबला झेपणारा. कारण त्याला बीओडीच्या बाटल्या, ब्युरेट आणि धीर एवढंच लागतं.

कल्पना अगदी साधी आहे. बाटलीत ऑक्सिजनने भरलेलं पाणी घ्यायचं. त्यात जंतूंना लागणारे थोडे क्षार, लिटरला दोनच मिलिग्रॅम आपलं रसायन, आणि चमचाभरसुद्धा नाही एवढं जंतूंचं पाणी टाकायचं. बुडबुडा न ठेवता झाकण लावायचं आणि अंधारात ठेवायचं. जंतूंना खायला आपल्या रसायनाशिवाय दुसरं काहीच नाही. (मेस बंद असलेल्या रविवारची रात्र डोळ्यांसमोर आणा.) त्यांनी ते खाल्लं तर श्वासाला ऑक्सिजन लागेल आणि पाण्यातला ऑक्सिजन तेवढा कमी होईल. रसायन पूर्ण जळायला किती ऑक्सिजन लागेल हे कागदावर काढता येतं. त्यातला किती टक्के खरंच वापरला गेला, तो आपला निकाल. मुदत २८ दिवस, पास व्हायला ६० टक्के.

साठ टक्के! म्हणजे फर्स्ट क्लास. कॅम्पसला बसायला जेवढे लागतात तेवढेच. वर आणखी एक अट : १० टक्के ओलांडले की पुढच्या १० दिवसांत ६० गाठायचे. फक्त डिटर्जंटच्या रसायनांना युरोपच्या २००४ च्या नियमाने या दहा दिवसांतून सूट दिलीय. आपल्याला एटीकेटी असते तसंच म्हणा ना.

वाचता वाचता तिथेच जर्मनी भेटली. १९५० नंतर तिकडे जी डिटर्जंट निघाली, त्यांच्या रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची होती. सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडलं तरी ते रसायन तसंच राहायचं. नद्यांवर फेसाचे डोंगर साचायचे. शेवटी पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला. अमेरिकेतल्या कारखान्यांनीही १९६५ मध्ये सरळ शेपटीचं रसायन घेतलं. जंतू शेपटीच्या टोकाकडून खात येतात. सरळ शेपटी म्हणजे बैलापुढे टाकलेला कडबा, शेंड्यापासून चघळत आत जातो. फांद्यांची शेपटी म्हणजे बाभळीचं झुडूप. बैल तोंड लावतो आणि मागे फिरतो.

आपल्याकडे धंद्यात या दोन्हींना 'सॉफ्ट' आणि 'हार्ड' स्लरी म्हणतात. आईच्या कॅनवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसता निळा कॅन. "कोणती आहे?" विचारलं तर आई म्हणाली, "फेसाची."

आता जंतू आणायचे होते. मी पहाटेची एस.टी. धरली, गंगाखेडला घाटावर गेलो आणि दोन लिटरचा कॅन भरून घेतला. जनाबाईंच्या गावचं गोदावरीचं पाणी, याहून भारी काय असणार! कॅन उघडा ठेवून, मांडीवर धरून, लोकांच्या शिव्या खात आणला. सरांनी विचारलं, "नेमका कुठून भरलास?" मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "बाया धुणं धुतात तिथूनच."

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, ते जंतू तुझ्या आईच्या पावडरीवरच लहानाचे मोठे झालेत! त्यांना पेपर आधीच फुटलाय." नियमच आहे तसा. आधीपासून त्या रसायनाची सवय लागलेले जंतू चालत नाहीत. कारण प्रश्न असा आहे की हे रसायन उद्या एखाद्या अनोळखी ओढ्यात गेलं तर तिथले जंतू ते खातील का.

पुन्हा एस.टी. या वेळी गावाच्या बरंच वर, जिथे धुणं नाही की नाला नाही, तिथून पाणी आणलं.

लॅबमध्ये बाटल्या छत्तीस निघाल्या. त्यातल्या दोघींची झाकणं कुणाशीच जुळेनात. उरल्या चौतीस. एकदा तपासलेली बाटली संपली, ती परत ठेवता येत नाही. म्हणून पाच वेळच्या तपासणीसाठी नुसत्या जंतूंच्या दहा, आमच्या स्लरीच्या दहा आणि सोडियम बेन्झोएटच्या दहा. हे बेन्झोएट म्हणजे जंतू चांगले भुकेलेले आहेत ना याची खात्री करायला. ते चौदा दिवसांत ६० टक्के संपलं पाहिजे, नाहीतर सगळी चाचणी बाद. गंमत म्हणजे सॉस टिकवायला घालतात तेच हे. सॉसमध्ये जास्त असतं म्हणून जंतूंना रोखतं, आणि पाण्यात कणभर असलं की तेच जंतू ते चट्टामट्टा करतात. राहिलेल्या चार बाटल्या सरांनी घाटाच्या पाण्याच्या लावू दिल्या. म्हणाले, "निकालात धरायच्या नाहीत. तुझ्या माहितीसाठी."

पुढचं भांडण इन्क्युबेटरचं. आमचा इन्क्युबेटर २७ अंशांवर असतो, कारण भारतीय मानकाप्रमाणे बीओडी २७ अंशांवर तीन दिवसांत काढतात. पुस्तकातलं पाच दिवसांचं गणित विलायतेचं आहे. तिथल्या रॉयल कमिशनने १९१२ साली ते ठरवलं, कारण तिकडच्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं म्हणे. गोदावरीला हे सांगायला पाहिजे, १४६५ किलोमीटर जायचंय तिला! मला हवं होतं २२ अंशांच्या आसपास, आणि तेही महिनाभर. तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी माझ्या नावाने बोंब मारली. शेवटी लॅबच्या मामांनी जुना, कोपऱ्यातला इन्क्युबेटर सुरू करून दिला आणि दारावर 'उघडू नये' अशी पाटी लावली. खाली स्वतःहून लिहिलं : 'पोराच्या आईचं काम आहे.'

सातव्या दिवशी स्लरी १२ टक्के. चौदाव्या दिवशी ३८, आणि बेन्झोएट आरामात पास. एकविसाव्या दिवशी ५१. मी मेसमध्ये गोड वाटायच्या बेतात होतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटच्या बाटल्या फोडल्या. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत जायचं, निळा रंग गेला की थांबायचं. एक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. नुसत्या जंतूंच्या बाटलीत ७.७ उरला होता. स्लरीच्या बाटलीत ४.८ आला असता तर काम झालं असतं. आला ५.१. दुसरी बाटली, पुन्हा ५.१. हिशेब केला : साडेपंचावन्न टक्के.

०.३ मिली म्हणजे ब्युरेटचे साधारण सहा थेंब. माझा रूम पार्टनर बाजूला उभा होता. म्हणाला, "लिही ना बे ४.८. निळं कधी गेलं ते कुणी बघितलंय?" खोटं कशाला बोलू, पेन मी हातात घेतलं होतं. पाकीट दिसत होतं डोळ्यांसमोर. मामा काचेची भांडी विसळत होते, ते काही बोलले नाहीत. नुसतं नळ बंद करून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी ५.१ लिहिलं. दोनदा.

मग घाटाच्या बाटल्या तपासल्या. ७२ टक्के! फुटलेल्या पेपरचा फर्स्ट क्लास. तो धरायचा नव्हता, पण मला त्या आकड्याने खूप काही सांगितलं. घाटावरचे जंतू शिकलेत. वरच्या पाण्यातल्यांना अजून वेळ लागतो.

सरांना वही दाखवली. ते म्हणाले की नापास म्हणजे रसायन वाईटच असं नाही. ही चाचणी मुद्दामच कडक असते. इथे न जमणारं पुढच्या, सवलतीच्या चाचणीत जमू शकतं. कॅनमध्ये हार्ड स्लरीची भेसळ असेल, किंवा वरच्या पाण्यात जंतूच कमी असतील. एका खेपेवरून ठरत नाही. आणि पास झाली असती तरी मला एक गोष्ट टोचत राहिली असती. माझ्या बाटलीत ऑक्सिजन काठोकाठ भरलेला होता. मे महिन्यात घाटाखाली नदीची डबकी उरतात, त्यातल्या काळ्या चिखलात ऑक्सिजन कुठला? आणि त्याच्याशिवाय हे सरळ शेपटीचं रसायनसुद्धा जवळजवळ तसंच पडून राहतं.

हे सगळं आईला फोनवर कसं सांगायचं याची मी दोन दिवस तालीम केली. ती मध्येच म्हणाली, "किती पाहिजे होते?"

"साठ."

"अन पडले किती?"

"साडेपंचावन्न."

"मग राहू दे. नाही छापत." थोडा वेळ गप्प राहिली. "अन कामून कमी पडले ते कळलं का?"

मी कॅनचं सांगितलं, सॉफ्ट-हार्डचं सांगितलं, कडबा आणि बाभळीचंही सांगितलं. पुढच्या सोमवारी ती मोंढ्यात गेली आणि दुकानदाराला विचारलं, सरळ शेपटीची स्लरी आहे का. तो म्हणे बघतच राहिला. तिने त्याच्याकडून बिलावर 'सॉफ्ट' असं लिहून घेतलं आणि नवीन कॅन आणला. दहा किलोमागे पैसे थोडे जास्त पडले. त्यावरून गटात एक बैठक झाली म्हणे, तिचा तपशील आईने सांगितला नाही.

नव्या कॅनमधली पाव लिटर स्लरी काचेच्या बरणीत, वर चार पदरी प्लॅस्टिक बांधून माझ्याकडे आली. प्रोजेक्टचं सबमिशन झालंय, मार्क पडायचे ते पडतील. पण मामांनी पाटी अजून काढलेली नाही. आज अकरावा दिवस आहे.

— अंतिम वर्ष, स्थापत्य