आणि त्याची बायको

विल्यम ब्रॅडफर्डने मेफ्लॉवर जहाजावरच्या माणसांची यादी लिहून ठेवली आहे. तिच्यात जॉन टिली आहे, मुलगी एलिझाबेथ आहे आणि दोघांच्या मध्ये नुसतंच ‘त्याची बायको’. १६२०च्या नोव्हेंबरात ही माणसं अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली आणि त्याच हिवाळ्यात टिली नवराबायको गेले. वंशावळीच्या कामात माझा जीव अडकतो तो अशाच बायकांपाशी.

हल्ली नजर साथ देत नाही. चर्चच्या जुन्या वह्यांच्या प्रती माझी विद्यार्थिनी वाचते, मी ऐकते. त्या वळणातला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा दिसतो, ‘एच’चं शेपूट ओळीखाली लोंबतं; तिला ते आता सरावाचं झालंय. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा एकट्या बापाचं नाव. “बाई, मग आई शोधायची कुठे?” लग्नात शोधायची. तिथेही टिलीची ती बायको, जोन, सहज सापडत नाही. बेडफर्डशायरमधल्या हेन्लो गावी १५९६ मध्ये ती टिलीशी लग्नाला उभी राहिली तेव्हा विधवा होती, रॉजर्स हे पहिल्या नवऱ्याचं आडनाव घेऊन. १५९३चं ते पहिलं लग्न हाती लागलं तरच हर्स्ट हे माहेर कळतं. दोनदा सासर, दोनदा पुसलेलं माहेर.

रिकामी जागा लोकांना बघवत नाही. हॉलंडमधल्या लायडनच्या, टिलीशी मिळत्याजुळत्या नावाच्या माणसाची डच बायको तिथे आणून बसवली गेली. एलिझाबेथचा नवरा जॉन हाउलंड वसाहतीचा गव्हर्नर कार्व्हर याच्या पदरी होता, म्हणून तिलाही कार्व्हरच्या घरातली मानत. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित लंडनच्या फुलहॅम पॅलेसमध्ये सापडलं, १८५६ मध्ये छापलं गेलं, तेव्हा ती टिलीची मुलगी ठरली. हेन्लोची नोंद पुढे यायला १९७६ उजाडलं. आज एका बटणावर वंशवृक्ष तयार करून देणारे दुसऱ्याची चूक जशीच्या तशी उतरवतात आणि तिला संशोधन म्हणतात. याचा मला संताप येतो. त्या संतापात हावही आहे: अशी दुरुस्ती माझ्या नावावर छापून यावी, असं मला आजही वाटतं.

एलिझाबेथ विधवा झाली म्हणूनच तिला स्वतःचं मृत्युपत्र करता आलं. १६८६च्या त्या कागदात लेकीला, लिडियाला, पिसांची गादी, हिरवी रग आणि लहान बायबल दिलंय. आईचा उल्लेख नाही. आजीचं नाव नातीला ठेवलं की आमचं काम सोपं होतं. एलिझाबेथला दहा मुलं झाली, त्यांत सहा मुली. एकीचंही नाव जोन नाही.