गिअर अडला आणि जठारपेठ पाहिली

आपण अकोल्याला जातो ते बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर शिवारफेरीच्या निमित्ताने डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. श्रावणात राजेश्वराला गांधीग्रामहून पूर्णेच्या पाण्याच्या कावडी येतात, तेव्हाही शहर पाहणे होते. पण जठारपेठेत मुद्दाम कोण जातो? मी गेलो तो गाडी ढकलत.

दुबार पेरणीचे दिवस होते. पूर्णाकाठच्या गावाहून एका शेतकरीभाऊंच्या मोटारसायकलवर आम्ही दोघे निघालो. शंभर सीसीची, चार गिअरची गाडी. काळ्या मातीचा चिखल तुडवून डांबरी रस्त्याला लागलो, दुसरा गिअर टाकला आणि दांडा खाली गेला तो वर येईचना. तसेच दुसऱ्या गिअरवर शहर गाठले. पहिल्याच गॅरेजवाल्याने सांगितले, "इंजिन पूर्ण खोलावं लागते." भाऊंचा हात खिशावर गेला. आत बायकोने बचत गटातून उचललेले बियाण्याचे पैसे होते.

मी म्हटले, थांबा. कपाशीची पाने लाल पडली म्हणून आपण लगेच पंप पाठीवर घेतो का? आधी पान उलटून पाहतो. गाडीचेही तसेच.

जठारपेठ चौकात रहदारी मोठी. उमरीकडे जाणारी माणसे, शाळेची पोरे, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया. त्या गर्दीच्या कडेला एक वयस्क मिस्त्री बसले होते. येझदीच्या काळापासूनचे. त्या गाडीचा गिअरचा दांडाच वर फिरवला की किक होत असे, हे आजच्या पोरांना खरे वाटत नाही.

"गाडी मधल्या स्टँडवर घ्या जी. मंग पाहू," ते म्हणाले.

त्यांनी काय पाहिले ते क्रमाने सांगतो, कामी पडेल.

आधी दांड्याखाली चिखल वाळून बसला आहे का, ते. मग दांडा हलवल्यावर आतला दांडू फिरतो का. फिरत नसेल तर बोल्ट ढिला, किंवा दांड्याचे दाते झिजलेले. असा दांडा वेल्डिंगने चिकटवू नका. उष्णतेने आतले ऑईल सील जळते आणि पुढे दांडा निघत नाही. नवा दांडा बसवा.

नंतर क्लच. हँडलच्या टोकाशी मोकळी चाल साधारण 10 ते 20 मिलिमीटर असावी. जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर जड पडतो. इंजिन बंद असताना गिअर पडत नसेल तर मागचे चाक हाताने फिरवत दाबून पाहा. आतल्या खाचा समोरासमोर आल्याशिवाय तो पडत नाही.

आमच्या गाडीत हे सर्व ठीक होते. मिस्त्रींनी दांडा पायाने खाली दाबला, हाताने वर आणला, पुन्हा दाबला. पुढचा गिअर पडला! "गिअर साबूत हायेत. दांडा परत आणणारी स्प्रिंग तुटली," ते म्हणाले.

ही स्प्रिंग अशा गाडीत उजव्या झाकणामागे, क्लचच्या मागे असते. ऑईल काढले, झाकण आणि क्लच उतरवला, स्प्रिंग बदलली. इंजिनाचे दोन भाग करण्याची गरजच नव्हती. तुटलेला तुकडा सापडेपर्यंत मात्र त्यांनी झाकण लावले नाही. तो आत राहिला असता तर दातांत जाऊन मोठे नुकसान झाले असते. नवे गॅस्केट, नवे ऑईल, आणि दोन तासांत गाडी तयार.

गिअर पडूनही जोर दिल्यावर आपोआप निसटत असेल, तर मात्र आतल्या खाचा किंवा फोर्क झिजलेले असू शकतात. तेव्हा इंजिन खोलावेच लागते. तो खर्च टाळू नये.

आणि रस्त्यात असे घडले तर घाबरू नका. प्रत्येक गिअरनंतर, पायाने जमत नसेल तर गाडी थांबवून हाताने, दांडा मधोमध आणा आणि हळूहळू गाव गाठा. जोराने लाथ मात्र मारू नका.

दुकाने बंद होण्याआधी आम्ही बियाणे घेतले. परत निघताना भाऊ म्हणाले, "सायेब, आधी पाह्यलं म्हणून वाचलो." मी म्हटले, वावरातही हेच सांगत असतो ना तुम्हाला!